पत्ता देणारा कोण?

‘तोतया’ म्हटलं की मराठी माणसाला पेशवाई आठवते. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते खरंच गेले का, ही शंका लोकांच्या मनातून जाईना. त्या शंकेचा आधार घेऊन एक माणूस पुढे आला आणि ‘मीच भाऊ’ म्हणू लागला. त्याच्यामागे माणसं जमली, काही किल्लेही त्याच्या हाती गेले. अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. मी इतिहास शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण शब्द शिकवायचा तर त्यामागची गोष्टही सांगावी लागते. मुलांना मी सांगते, चोर भिंत फोडून येतो, तोतया समोरच्या दाराने येतो. लोक ज्याची वाट पाहत असतात त्याचंच नाव तो सांगतो आणि लोक आपण होऊन त्याच्या हाती कारभार देतात.

हा शब्द आज काढायचं कारण कॉम्प्युटरचं आहे. भाषेच्या शिक्षिकेने नेटवर्कवर लिहावं याचं काहींना नवल वाटेल. पण हल्ली शाळेचं कोणतं काम तारेशिवाय होतं? हजेरी, निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोर्डाचे फॉर्म, सगळं त्या एका तारेवर लटकलेलं असतं. त्या तारेवरही तोतया येतो. तो आला तर काय होतं आणि त्याला अडवायचं कसं, हे शिक्षकांना, संस्थाचालकांना, मदरशात किंवा मोहल्ल्यातल्या वाचनालयात चार कॉम्प्युटर मांडून बसलेल्या पोरांना माहीत असावं, म्हणून हा लेख.

आधी पत्त्याची भानगड समजून घेऊ. नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. १९२.१६८.१०.४१ असा काहीतरी. पूर्वी हा नंबर माणसाने एकेका मशीनवर जाऊन हाताने घालावा लागे. दोन मशीनना चुकून एकच नंबर पडला की दोन्ही अडून बसत. यावर उपाय म्हणून नंबर आपोआप वाटणारी एक पद्धत तयार झाली. तिचं नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, म्हणजे डीएचसीपी. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला तिचा मसुदा १९९३ मध्ये आला. १९९७ मध्ये तो सुधारून आला आणि आजही काम त्याच पायावर चालतं. तुम्ही कुणाच्या घरी जाऊन वायफायला मोबाइल जोडता आणि काही न करता नेट सुरू होतं, ते या पद्धतीमुळे.

ती चालते कशी? शाळेचंच उदाहरण घ्या. जूनमध्ये नवीन मूल शाळेत येतं. त्याला कुणी ओळखत नाही, त्यालाही काही ठाऊक नाही. ते पटांगणात उभं राहून मोठ्याने विचारतं, ‘मी कुठे बसू?’ हा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. ऑफिसातला क्लार्क म्हणतो, ‘सहावी ब, हजेरी क्रमांक ४१ रिकामा आहे, घेतोस का?’ मूल म्हणतं, ‘हो, मला तोच द्या.’ क्लार्क म्हणतो, ‘दिला. आणि ऐक, बाहेर जायचं फाटक तिकडे आहे, कुणाचा पत्ता विचारायचा असेल तर त्या शिपायाला विचार.’ मशीनही हेच चार निरोप घेतं-देतं. शोध, देकार, मागणी, मंजुरी. मंजुरीबरोबर दोन फार महत्त्वाच्या गोष्टी कळवल्या जातात. एक, बाहेरच्या जगात जाण्याचं फाटक कोणतं, म्हणजे गेटवे. दुसरी, वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर कुणाला विचारायचा, म्हणजे डीएनएस सर्व्हर. हा नंबर कायमचा मिळत नाही, भाडेकराराने मिळतो. साधारण निम्मी मुदत संपली की मशीन तो वाढवून मागतं.

आता त्या मुलाकडे परत बघा. ते पटांगणात ओरडलं तेव्हा क्लार्कच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं तर? ‘इकडे ये, मी सांगतो कुठे बसायचं.’ मूल जाणार. उत्तर देणारा खरोखर ऑफिसातला आहे का, हे ताडण्याचं कसलंही साधन त्याच्याजवळ नाही. बहुतेक मशीन हेच करतात. ज्याचा देकार आधी पोचला, त्याच्यामागे जातात. नेटवर्कच्या भाषेत अशा आगंतुक उत्तर देणाऱ्याला रोग डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. हा ‘रोग’ आपला आजार नव्हे, इंग्रजीतला बदमाश या अर्थाचा शब्द आहे. मी त्याला तोतयाच म्हणते.

आमच्या शाळेत तो आला होता. काही वर्षं झाली त्याला. दहावीच्या मुलांचे परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरायचे होते, मुदतीचे तीन दिवस उरले होते. लॅबमध्ये २० मशीन, ऑफिसात ३. सोमवारी सकाळी लॅबमधल्या काही मशीनवर नेट नव्हतं, बाकीच्यांवर होतं. दुपारपर्यंत चालणारी काही बंद पडली, बंद असलेली एकदोन सुरू झाली. नेट देणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याने आपली लाइन तपासली, ‘आमच्याकडून व्यवस्थित आहे’ म्हणाला आणि गेला. त्याचं म्हणणं खरंच होतं.

लॅब सांभाळायला एक मुलगा होता. वय असेल बावीस-तेवीस. कंत्राटी. माझाच जुना विद्यार्थी, सहावीत मी त्याला मराठीचे धडे दिले होते. वडील हमाली करायचे. याने घरी मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मशीन खोलायला-जोडायला शिकून घेतलं होतं. नेट गेलं की तो मशीन बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि कधी कधी नेट यायचं. आता ते का यायचं, हे वरची गोष्ट वाचलेल्याला कळेल. मशीन पुन्हा चालू झालं की नवा पुकारा होतो, आणि या वेळी खऱ्या क्लार्कचं उत्तर आधी पोचलं तर काम होतं. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? ऑफिसातून एक वाक्य निघालं, ‘तो हात लावतो तेव्हाच बरं चालू होतं! म्हणजे कळ त्याच्याच हातात आहे.’ संध्याकाळपर्यंत त्या वाक्याला पाय फुटले. कुणाला आठवलं की तो मोबाइलवर हॅकिंगचे व्हिडिओ बघतो. कुणाला आठवलं की त्याने मागच्या महिन्यात पगार वाढवून मागितला होता. मंगळवारी सकाळी त्याच्याकडून लॅबची चावी काढून घेतली गेली.

तो माझ्याकडे आला. ‘आपा, मैं कुछ नै किया. खाली रीस्टार्ट करतूं.’ एवढंच बोलला आणि व्हरांड्यात उभा राहिला.

माझे धाकटे दीर एका खासगी कंपनीत नेटवर्कचं काम करतात. हेडमास्तर साहेबांची परवानगी काढून मी त्यांना संध्याकाळी बोलावलं. मी त्यांना सगळी हकिकत सांगायला लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, ‘भाभी, कोणावर शंका आहे ते नका सांगू. मशीनवर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.’

त्यांनी चालू असलेल्या एका मशीनवर आयपीकॉन्फिगची आज्ञा दिली. पत्ता दिसला १९२.१६८.१०.४१, आणि पत्ता देणारा १९२.१६८.१०.१. मग शेजारच्या बंद मशीनवर तेच केलं. पत्ता १९२.१६८.०.१०३, देणारा १९२.१६८.०.१. ते म्हणाले, ‘हा कोण?’ शाळेच्या राउटरचा नंबर पहिला होता. दुसऱ्या नंबरचं शाळेत अधिकृत असं काहीच नव्हतं. पत्ता वाटणारे दोन झाले होते.

पुढचं काम पाऊण तासाचं. त्या अनोळखी नंबरामागे कोणतं यंत्र आहे हे त्याच्या मॅक ॲड्रेसवरून पाहिलं. हा प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला क्रमांक असतो, आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी कळते. घरगुती वायफाय राउटर बनवणारी कंपनी निघाली. मग लॅबच्या स्विचला विचारलं, हा क्रमांक तुझ्या कोणत्या पोर्टवर दिसतो? उत्तर आलं, १७. पोर्ट १७ ची केबल हाताने धरून ते चालत गेले, मागे मी, मागे हेडमास्तर साहेब. केबल स्टाफरूममध्ये गेली, लोखंडी कपाटामागे. तिथे एक जुना छोटा राउटर हिरवे दिवे लावून बसला होता.

तो आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घरून आणला होता. स्टाफरूममध्ये मोबाइलला रेंज येत नव्हती म्हणून शनिवारी त्यांनी भिंतीतली केबल त्यात खोचली. अशा राउटरला मागे एक वेगळं भोक असतं, बाहेरच्या तारेसाठी, आणि चार सारखी भोकं असतात, घरातल्या मशीनसाठी. केबल त्या चारांपैकी एकात गेली होती. त्यामुळे तो राउटर स्वतःला घराचा मालक समजून साऱ्या शाळेला पत्ते वाटत सुटला. बाहेरची तार त्याला नव्हतीच. म्हणजे ज्यांनी त्याचा पत्ता घेतला त्यांना त्याने असं फाटक दाखवलं की ज्याच्या पलीकडे रस्ताच नव्हता. सहकाऱ्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि सगळ्यांनी लगेच मानलं.

मला खटकलं ते इथे. एकावर पुरावा नसताना शंका घेतली गेली, आणि दुसऱ्याच्या हातून घडलेलं समोर दिसत असताना ‘नकळत झालं’ म्हणून सोडून दिलं गेलं. नकळतच झालं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हा ‘नकळत’चा फायदा त्या मुलाला दोन दिवसांत कुणी दिला नव्हता. त्याला चावी परत मिळाली, बुधवारी त्यानेच बसून उरलेले सगळे फॉर्म भरले. ‘माफ कर’ हे दोन शब्द मात्र त्याला कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

राउटर काढून टाकला, प्रश्न सुटला, असं सगळ्यांना वाटलं. दीर म्हणाले, ‘उद्या दुसरा कुणी लावेल. हे स्विचला सांगून ठेवायला पाहिजे.’

लॅबमधला स्विच २४ पोर्टचा, आणि मॅनेज्ड होता. म्हणजे त्याला आज्ञा देता येत होत्या, पण कुणी कधी दिल्या नव्हत्या. आम्ही त्याचा उपयोग विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डासारखा करत होतो. त्याच्यात डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय होती. स्नूपिंग म्हणजे डोकावणं. नाव थोडं आगाऊ आहे, काम मात्र चोख. अशी सोय आज बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये असते, पण ती कारखान्यातून बंद स्थितीत येते. चालू आपल्याला करावी लागते.

तिचं तत्त्व सोपं आहे. स्विचच्या पोर्टांचे दोन वर्ग करायचे. ज्या पोर्टाला खरा पत्ता वाटणारा जोडलेला आहे, तो भरवशाचा. बाकी सगळे बिनभरवशाचे. बिनभरवशाच्या पोर्टातून ‘मी कुठे बसू?’ हा प्रश्न आला तर जाऊ द्यायचा. पण तिथून ‘इथे बस’ असं उत्तर आलं तर ते तिथल्या तिथे टाकून द्यायचं. विचारायचा हक्क सगळ्यांना, उत्तर द्यायचा हक्क एकाच दाराला. बोलणारा ज्येष्ठ आहे की कंत्राटी, त्याच्या मनात काय आहे, हे स्विच पाहत नाही. तो फक्त दार पाहतो.

इंग्रजीत या दारांना ट्रस्टेड आणि अनट्रस्टेड म्हणतात. मी माझ्या वहीत उर्दूच्या सवयीने ‘मोतबर’ आणि ‘गैरमोतबर’ लिहिलं आणि लिहिता लिहिता थबकले. हा ‘मोतबर’ मूळचा अरबी शब्द. अर्थ, ज्याच्यावर इतबार ठेवावा असा. हाच शब्द मराठीत येऊन ‘मातब्बर’ झाला, आणि येता येता त्याचा अर्थ भरवशाचा याऐवजी बडा, वजनदार असा झाला. आमच्या शाळेत त्या दोन दिवसांत नेमकं हेच झालं होतं. मोतबर कोण, हे आम्ही मातब्बर कोण यावरून ठरवत होतो.

आता प्रत्यक्ष काम. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी क्रम सांगते, कारण क्रम चुकला तर अख्खी शाळा बंद पडते. सोय चालू केल्याबरोबर सगळेच पोर्ट बिनभरवशाचे धरले जातात. मग खऱ्या सर्व्हरचं उत्तरही टाकून दिलं जातं आणि कुणालाच पत्ता मिळत नाही. म्हणून आधी राउटरकडे जाणारा पोर्ट भरवशाचा ठरवायचा. एकापेक्षा जास्त स्विच असतील तर त्यांना जोडणाऱ्या केबलचा जो पोर्ट खऱ्या सर्व्हरच्या दिशेने जातो, तोही भरवशाचा करायचा. मग सोय चालू करायची, आणि कोणत्या व्हीलॅनसाठी तेही सांगायचं. सिस्कोच्या स्विचवर या दोन वेगळ्या आज्ञा असतात. पहिली देऊन दुसरी विसरली तर पहारा नुसता कागदावर राहतो. शेवटी केलेलं सगळं स्विचमध्ये जतन करायचं, नाहीतर वीज गेली की स्विच पहिल्यासारखा भोळा होतो. आपल्याकडे वीज जायला कितीसा वेळ लागतो?

हे झाल्यावर दिरांनी एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. त्यांनी तो राउटर पुन्हा स्टाफरूममध्ये नेऊन तसाच, त्याच चुकीच्या भोकात जोडला. मग लॅबमधली सगळी मशीन बंद करून चालू करायला लावली. विसाच्या विसांना १९२.१६८.१०चा, म्हणजे खरा पत्ता मिळाला. स्विचच्या नोंदीत टाकून दिलेल्या निरोपांचा आकडा वाढत होता. राउटर उत्तरं देत होता, ती पोर्ट १७ च्या पुढे जात नव्हती. तो मुलगा वाकून तो आकडा बघत होता. पुढचे सगळे स्विच त्यानेच बसवले.

स्नूपिंगचं दुसरंही काम आहे. कोणत्या पोर्टावर, कोणत्या मॅक क्रमांकाला, कोणता पत्ता, किती मुदतीसाठी दिला याचा तक्ता स्विच तयार करतो. आमच्या शाळांत जनरल रजिस्टर असतं ना, तसंच. एकदा नाव चढलं की नंतरचे दाखले त्याच्यावरून. हा तक्ता असला की पुढची दोन कुलपं लावता येतात. कुणी दुसऱ्याच्या क्रमांकाची बतावणी करून मधल्या मध्ये निरोप वळवू लागला तर ते अडवणारं एक, आणि न मिळालेला पत्ता स्वतःच लावून बसलेल्याला अडवणारं दुसरं. पण ही कुलपं पहिल्याच दिवशी लावू नयेत. तक्ता भरायला वेळ लागतो, आणि प्रिंटरसारखी ज्यांचे पत्ते हाताने घातलेले असतात ती यंत्रं तक्त्यात येतच नाहीत. त्यांची नोंद आपण करावी लागते. नाहीतर नेमका निकालपत्रकांच्या दिवशी प्रिंटर मुका होतो.

आणखी एक बारीक सोय, बिनभरवशाच्या पोर्टातून सेकंदाला किती प्रश्न येऊ द्यायचे याची मर्यादा. कारण खोडसाळ माणूस उलटंही करू शकतो. खोट्या क्रमांकांनी शेकडो प्रश्न विचारून खऱ्या क्लार्कजवळचे सगळे पत्ते संपवायचे, आणि तो रिकामा झाला की स्वतः वाटायला बसायचं.

कुणी म्हणेल, एवढा पहारा कशाला? आमच्याकडे तर नुसता एक जुना राउटर होता. हो, आणि म्हणूनच कळलं. तो मठ्ठ होता, नेट बंद पाडत होता. हुशार तोतया नेट बंद पाडत नाही. तो खरा वाटणारा पत्ता देतो, फाटक म्हणून स्वतःकडे बोट दाखवतो, नावांचे नंबर सांगणारा म्हणून आपलाच माणूस पुढे करतो. तुम्ही बँकेचं नाव टाकता, तो दुसऱ्याच दारात नेऊन उभं करतो. ब्राउझर इशारा देतो, पण घाईत ‘पुढे जा’ दाबणारे आपल्यात किती आहेत ते मी सांगायला नको. डिसेंबर २००८ मध्ये असा व्हायरस आढळला होता की जो एका मशीनमध्ये शिरून तिलाच पत्ते वाटायला बसवायचा. म्हणजे एक मशीन आजारी आणि चुकीच्या रस्त्याला लागायची शेजारची निरोगी मशीनं. डीएनएस बदलणाऱ्या याच जातीच्या टोळीवर अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये कारवाई जाहीर केली. तेव्हा सुमारे १०० देशांतल्या ४० लाख मशीनना तिची झळ लागली होती, असं सांगण्यात आलं.

मग मूळ पद्धतीतच कुलूप का नाही ठेवलं? १९९७ च्या त्या मसुद्यातच कबुली आहे की ही पद्धत सुरक्षित नाही. २००१ मध्ये निरोपांवर खूण घालून खरेपणा पटवायची तरतूदही मांडली गेली. ती फारशी रुजली नाही. कारण उघड आहे. खूण ओळखायची तर प्रत्येक मशीनला आधी गुपित सांगून ठेवावं लागणार, आणि या पद्धतीचा सगळा फायदाच हा की पाहुण्याला आधी काहीच सांगावं लागत नाही. पाहुण्याला दाराशी अडवायचं नसेल तर पहारा दाराच्या आत, मधल्या चौकात बसवावा लागतो. नेटवर्कमधला तो चौक म्हणजे स्विच.

या पहाऱ्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लॅबच्या कोपऱ्यात कुणी पाच पोर्टचा साधा स्विच लावून त्याला चार मशीन जोडली, तर त्या चौघांतलं आपापसातलं बोलणं मोठ्या स्विचपर्यंत येतच नाही. तोतया त्यांच्यातलाच असला तर बाकीच्या तिघांना फसवू शकतो. आयपीव्ही६ च्या नव्या पत्त्यांसाठी वेगळा पहारा लागतो, त्याला आरए गार्ड म्हणतात. आणि भरवशाचा पोर्ट उघड्यावर असला तर कुणीही त्याचीच केबल काढून आपली खोचेल. म्हणून स्विच कुलपाच्या पेटीत हवा. वापरात नसलेले पोर्ट बंद हवेत. आणि स्टाफरूमला रेंज येत नसेल तर तिथे शाळेनेच नीट वायफाय द्यायला हवं. गरज खरी असते तेव्हा माणसं वाट काढतातच. वाट द्या, म्हणजे कपाटामागे राउटर येणार नाहीत.

शाळेत, संस्थेत नवा स्विच घ्यायचा असेल तेव्हा विकणाऱ्याला किमतीबरोबर एवढं विचारा. हा मॅनेज्ड आहे का? यात डीएचसीपी स्नूपिंग आहे का? ते चालू करून, समोर उलटी चाचणी करून दाखवाल का? आणि केलेल्या आज्ञांची एक प्रत आमच्या फाइलला लावाल का? तो ‘गरज नाही, इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणाला, तर दुसरा दुकानदार बघा.

आणि नेट गेलं, तर आधी माणसांची नावं घेऊ नका. मशीनपाशी बसा, आज्ञा द्या, आणि पत्ता देणारा कोण तेवढं वाचा. दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात कुणाच्या हातातली चावी काढून घ्यायची वेळ येत नाही.